दम

सकाळी आठला दवाखाना उघडते
तेव्हा तिघं-चौघं पायरीवर आधीच असतात,
आणि काउंटरवर लाल धुळीचा पातळ पापुद्रा.
व्हायल्लातला पोलादाचा कारखाना रात्रभर जे श्वास सोडतो
ते शेवटी माझ्याच काउंटरवर येऊन बसतं.
पुसते. एकतीस वर्षं पुसते आहे.

पाटीवर अख्खं नाव आहे : डॉ. थेमेलिना कुलियास.
ते कुणी उच्चारत नाही.
शाळेतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी अर्धं कापलं,
उरली लीना.
"लीना आहे का गं, डोरीन?" असं विचारतात,
वाटीभर साखर मागायला आल्यासारखे.
तिच्या हाताला गुण आहे म्हणतात. असेल.
मला एवढंच ठाऊक की
लशींच्या फ्रिजमध्ये मासे ठेवू नयेत
अशी पाटी मला स्वतःच्या हाताने लिहावी लागली.

आतून दिवसभर तेच ऐकू येतं :
दीर्घ श्वास घ्या. धरा. सोडा.
भट्टीवर जन्म काढलेल्यांना धरवत नाही.

तिचा बाप मात्र धरायचा.
मिकेस. कालिम्नोस बेटावरचा,
समुद्राच्या तळाशी उतरून स्पंज कापणारा.
एकदा घाईने वर आला,
"आणि डावा पाय खालीच विसरला," म्हणायचा.
तोच पाय ओढत इथल्या गोदीत जहाजं जोडायला आला.
गोदी बंद पडली. तो कोपऱ्यावर मासे तळायला लागला.
तपासायला यायचा तो टाय लावून, रांगेत, नंबर घेऊन.
ती म्हणायची, धरा,
आणि मध्येच फोन घ्यायची, कुणाचा तरी रिपोर्ट शोधायची.
तो धरूनच.
"बाबा! सोडा आता!"
सत्तरीतला माणूस, निळसर ओठ,
आणि तोंडभर हसू.

हे सगळं सांगायचं नव्हतं मला.
सांगायचा होता मार्चमधला एक मंगळवार.

एक हजारा बाई, सातवा महिना,
दारीशिवाय भाषा नाही.
सोबत मुलगी गुलसुम, शाळेच्या गणवेशात,
नऊ वर्षांची दुभाषी.
सोनोग्राफीचा कागद आधी माझ्या हातात आला होता,
त्यामुळे मी वर बघत नव्हते.
लीनानं दार उघडलं.
"डोरीन, हिला बाहेर घे. हिला काहीतरी काम दे."
मुलगी म्हणाली, "पण मीच सांगते. आईला नेहमी मीच सांगते."
"आज नाही."

मग अ‍ॅडलेडला फोन, दुभाष्यासाठी.
चाळीस मिनिटं तो होल्डवरचा बाजा.
ती टेबलावर फोन ठेवून
त्या बाईचा हात हातात घेऊन बसली होती.
बाहेर खुर्च्या कुरकुरल्या.
दम धरा, मी म्हटलं. जरा दम धरा सगळे.
गुलसुमला मी तारखेचा शिक्का दिला आणि कोरे कागद.
ती मारत राहिली. ठक. ठक.
एकाच दिवसाची तारीख, नीट ओळीत.
ठक.
मग आतून आवाज आला
आणि तिनं शिक्का हळूच खाली ठेवला.

संध्याकाळी लीना हात धूत होती. फार वेळ.
"मीही नऊचीच होते," पाठमोरीच म्हणाली.
"याच रस्त्यावर, प्रिचर्डच्या दवाखान्यात.
तो जे म्हणाला त्यातला एक शब्द मला येत नव्हता.
विचारायची लाज वाटली.
मी आईला सांगितलं, बाळ झोपलंय."

नळ चालूच.

"अकरा दिवस विणत होती ती.
पिवळी लोकर."

मी काहीतरी म्हणायला हवं होतं.
बापाचीच मुलगी ती : खांदे वर, पाठ ताठ,
श्वास कुठेच दिसेना.
मी भिंतीवरच्या घड्याळात मोजत राहिले.

मग म्हणाली, "उद्या पहिलं कोण आहे?"

शिक्के मारलेले कागद अजून खणात आहेत.
टाकवत नाहीत.
पाठकोऱ्या बाजूला मी रोजची नावं लिहिते.